ब्रसेल्समध्ये चॉकलेट तोलून घ्यायचं असतं

ग्राँ प्लासच्या चौकातून मानेकन पिस, म्हणजे सू करणाऱ्या नागड्या पोराचा छोटा पुतळा, बघायला निघालात की गल्लीभर चॉकलेटचीच दुकानं, ऑफरच्या पाट्या, आणि त्या नागड्या पोराच्या आकाराची चॉकलेटंसुद्धा. फोटो काढा नि सटका तिथून. मला मजा आली ती जवळच्याच गॅलरी द ला रेनमध्ये, 1847 मध्ये सुरू झालेला काचेच्या छपराचा बाजार आहे तो, आणि तिथे नॉयहाउसचं मूळ दुकान आहे. 1857 ला हे चक्क औषधांचं दुकान होतं! पुढे दुकान काढणाऱ्या नॉयहाउसच्या नातवाने 1912 मध्ये चॉकलेटच्या पातळ कवचात सारण भरलं आणि बेल्जियमचं प्रालीन जन्माला आलं. पण माझ्या मते खरी हुशारी त्याच्या बायकोची, लुईझ अगोस्टिनीची, कारण कागदाच्या पुडीत ही नाजूक प्रालीनं चेपायची म्हणून तिने 1915 मध्ये बॅलोतँ नावाचा छोटा खोका काढला, आजही सगळे त्यातच देतात.

खरेदी अगदी आपल्या मिठाईच्या दुकानासारखी, काचेपलीकडून बाई विचारते, तुम्ही बोट दाखवायचं, ती एकेक नग उचलून खोक्यात रचते आणि मग वजन. मी पाव किलो घेतलं आणि त्यात मॅनोन जरा जास्तच, म्हणजे पांढरं चॉकलेट, आत कॉफीचं बटरक्रीम. गोड आहे, जाम गोड, तरी खातच राहिलो. डार्कवाले लोक नाक मुरडतील, मुरडू देत.

ब्रसेल्समधल्याच साब्लोंच्या चौकात विटामेर आणि मार्कोलिनी ही चॉकलेटची दुकानं, तिकडे थाट दागिन्यांच्या शोरूमचा आणि भावही साधारण तसेच. मार्कोलिनी कोकोच्या बिया भाजण्यापासून सगळं स्वतः करतो, हे तसं दुर्मीळच, कारण बहुतेक दुकानदार तयार चॉकलेट कारखान्यातून विकत घेतात, वीझं गावच्या कालबोचं वगैरे, आणि त्यांचं कसब असतं ते सारणात नि कवच किती पातळ काढलं त्यात.

अँटवर्पला मात्र चव जरा बिघडली. तिथे हाताच्या पंजाच्या आकाराची चॉकलेटं मिळतात, गोष्ट अशी की राक्षसाचा हात तोडून नदीत फेकला त्यावरून. गोष्ट जुनी आहे, कबूल, पण काँगो ही 1908 पर्यंत बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची खासगी जहागीर होती आणि तिथे रबरापायी माणसांचे खरोखरचे हात तोडले गेले, हे वाचलेलं असेल तर तो खोका हातात घेववत नाही. मी नाही घेतला.

आणि घरी न्यायचं म्हणाल तर ताज्या क्रीमची प्रालीनं तिथेच संपवा, ती फार दिवस टिकत नाहीत, त्यात मुंबईचा मे महिना म्हणजे विषयच संपला. नातेवाइकांसाठी सुपरमार्केटातून हत्तीच्या चित्राच्या कोत दॉरच्या वड्या घ्या, 1883 चा ब्रँड आहे, स्वस्त पडतो, आणि बॅगेत चेपल्या तरी कोणाला कळत नाही.