हलव्याला काटा येईपर्यंत

विकतचे हलव्याचे दागिने वाईट नसतात. संक्रांत जवळ आली की आमच्या सोलापुरात मधल्या मारुतीच्या बाजारात बिंदीपासून पैंजणापर्यंत अख्खे संच टांगलेले दिसतात, आणि घरच्यापेक्षा ते देखणे असतात हेही खरं. पण माझ्या नणंदेची लेक दहा महिन्यांची. हाताला लागेल ते तोंडात. विकतच्या संचाला सोनेरी कागद, चमकी, पुठ्ठा आणि कसला तरी गोंद. बोरनहाणाला तिच्या अंगावर ते चढवायचं आणि सगळ्यांनी मिळून तिचे हात धरून बसायचं, त्यापेक्षा दागिने घरीच करते म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "कर की. पण हलवासुद्धा घरचाच करणार असशील तर आत्तापासून बस."

आत्तापासून म्हणजे नाताळच्या सुट्टीपासून. हलवा एका बैठकीत होत नाही. रोज सकाळी थोडा वेळ बसायचं, हात भरून आले की झाकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कृती सांगायला सोपी आहे. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, म्हणजे साखरेतली मळी वर येते, ती काढून टाकायची. पाक एकतारी झाला की लिंबाचे दोन-चार थेंब, नाहीतर भांड्यातच साखर धरते. आत घालायला तीळ, खसखस, साबुदाणा, बडीशेप, भोपळ्याच्या बिया, काजूचे तुकडे, लवंगा, काहीही चालतं. मी दागिन्यांसाठी साबुदाणा घेतला, कारण तो मुळात गोल असतो, आणि खायला तीळ नि बडीशेप.

खरं काम परातीत आहे. सासूबाईंकडे जुनी कल्हईची परात आहे आणि शेगडीही. शेगडीत दोन-तीनच निखारे, तेही राखेखाली. गॅसवर करायचं तर खाली जाड तवा ठेवून परात त्यावर, ज्योत अगदी बारीक. साबुदाणा परातीत पसरायचा, अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. तळवा लावायचा नाही. पाक दाण्यांवर सुकला, परातीत सळसळ असा कोरडा आवाज यायला लागला, की पुढचा अर्धा चमचा. घाई करून चमचाभर ओतला की दाणे एकमेकांना चिकटतात. निखारा जास्त झाला की हलवा पिवळा पडतो. खाली साखरेचा भुगा साठतो, तो अधूनमधून चाळून काढला नाही तर तोच दाण्यांवर बसतो आणि काटा बोथट होतो. पाक मात्र कोमट राहिला पाहिजे, म्हणून तो शेगडीच्या कडेला.

पहिले काही दिवस काहीच दिसत नाही. साबुदाणा नुसता पांढरा आणि जरा जाड होतो. मग एका सकाळी उजेडात धरून बघितला तर दाण्यावर बारीक पुटकुळ्या. त्या पुटकुळ्याच पुढे काटे होतात. उंचवटा आधी परातीला लागतो, परातीतला पाक त्यालाच आधी मिळतो आणि तो आणखी वाढतो. म्हणून पाक थोडा थोडाच द्यायचा. भरपूर पाकात दाणा सगळीकडून सारखाच भिजतो, मग त्याचे फुटाणे होतात, हलवा नाही.

सोलापूरची हवा या कामाला चांगली. आपल्याकडे जानेवारीत ओठ फुटतात, तीच कोरडी हवा हलव्याला लागते. माझी मुंबईची मावसबहीण दरवर्षी प्रयत्न करते आणि दरवर्षी दमट हवेला नावं ठेवते. मधे एक दिवस आभाळ भरून आलं तेव्हा सासूबाईंनी मला परात उघडूच दिली नाही. "आज शेंगा सोल," म्हणाल्या.

शेंगांबद्दल थोडंच सांगते, कारण सोलापूरच्या माणसाला शेंगाची पोळी शिकवायची म्हणजे धाडसच. दाणे मंद भाजून, सालं पाखडून, कूट फार बारीक नको. पोळीला साधा मऊ गूळ, चिक्कीचा गूळ फक्त वड्यांना. थोडं बेसन तेलात खमंग भाजून सारणात घातलं की पोळी फुटत नाही. कणीक आणि सारण दोन्ही सारखंच मऊ असलं पाहिजे, इतकीच किल्ली. लाटताना तांदळाची पिठी घ्यायची, कडेपर्यंत सारण पोचवायचं, भाजून झाली की कागदावर सुटी गार करायची. गरम पोळ्या एकावर एक ठेवल्या की नरम पडतात, आणि नरम शेंगाची पोळी मला तरी खाववत नाही.

आता दागिने. घरचा हलवा चवीला सुरेख झाला, पण दाणे एका मापाचे नाहीत. कुठे ज्वारीएवढा, कुठे हरभऱ्याएवढा. सगळे ताटात पसरून निवडले: मोठे हाराच्या पदकाला, मधले बांगड्यांना, बारके बिंदीला. हाराच्या दोन सरींना मात्र पुरेनात, तिथे विकतचा पावशेर हलवा आणला. त्यात कमीपणा वाटला नाही. ज्याला सगळंच घरचं हवं असेल त्याने दिवाळी झाली की बसावं.

मी रेशमी दोरा घेऊन बसले होते. शेजारच्या अव्वा डोकावल्या. त्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरच्या. सासरी हातमाग होते, लग्नानंतर कित्येक वर्षं त्यांनी कांड्या भरल्या. माझा हार हातात घेऊन त्यांनी एक दाणा ओढला, तो सुटून आला.

"रेशीम कशाला घेतलीस गं? ते सटकतंय. सूत घे की."

मग त्यांनी घरून सुताची गुंडी आणली. दोन पदर एकत्र ओले करून ताणले, मधे दाणा धरला, एक पदर वरून, एक खालून, आणि बोटाच्या एका वळणात गाठ. हलव्याच्या काट्यांमधे सूत रुतून बसतं, गुळगुळीत रेशीम बसत नाही. तुटलेला धागा जोडताना विणकर मारतात तसली बारकी, चपटी गाठ. मी तीनदा बघूनही मला ती तशी जमली नाही, माझी जाडच येते. पण दाणा सुटत नव्हता, आणि दहा महिन्यांच्या पोरीच्या गळ्यात घालायचं तर तेवढंच महत्त्वाचं. एकेक गाठ झाली की मी दाणा ओढून बघायचे. मुकुटाला काळ्या सुती कापडाची पट्टी घेतली आणि हलवा त्यावर टाकून नुसता टाचला. एके ठिकाणी चिकटवायलाच लागलं, तिथे मैद्याची खळ. वाळायला वेळ घेते, पण बाळाने चाटली तरी काळजी नाही.

या सगळ्यात गड्डा सुरू झाला. सिद्धरामेश्वरांची यात्रा म्हणजे सोलापूरच्या घराघरांत पाहुणे, आमच्याकडेही. नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, होम मैदानावरचे पाळणे. त्यात भोगीची भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी. मुलं पाळण्यांवरून आली की हलव्याच्या डब्याकडे वळायची. सासूबाईंनी तो डबा कपाटावर ठेवला. तरी खायचा तिळाचा हलवा निम्मा संपलाच.

पुण्याच्या मैत्रिणीला दरवर्षी शेंगाच्या पोळ्या आणि शेंगा चटणी जाते. यंदा तिच्या सुनेची पहिली संक्रांत, म्हणून हलव्याचं मंगळसूत्र आणि बांगड्याही. दीर हुतात्मा एक्स्प्रेसने जाणार होते. पोळ्या स्टीलच्या डब्यात, प्रत्येकीमधे कागद. चटणी वेगळ्या बाटलीत, कारण खलबत्त्यात कुटलेल्या चटणीला तेल सुटतं. दागिन्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. कापूस काट्यांना चिकटतो, कागद दबतो. शेवटी खोक्यात चुरमुरे भरले, त्यात दागिने पुरले, वर परत चुरमुरे. खोकं सोलापुरी टॉवेलात गुंडाळलं. टॉवेल वाणाला होईल, चुरमुऱ्यांचा चिवडा होईल. मैत्रिणीचा संध्याकाळी फोन आला, एक दाणा हलला नाही म्हणून.

बोरनहाण संक्रांत झाल्यावरच्या रविवारी केलं. रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, तेव्हा गड्ड्याच्या गर्दीत करायची गरज नव्हती. काळं झबलं, त्यावर मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा. डोक्यावरून ओतायला चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बत्तासे. उसाचे करवे आणि बोरं आम्ही बाळाच्या डोक्यावर टाकली नाहीत, पाटाच्या कडेने सोडली. लागतात. भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या तर मुळातच वगळल्या होत्या, रांगणारं मूल काय उचलेल सांगता येत नाही. बाकीच्या पोरांनी लूट केली की लगेच सतरंजी झटकून घेतली.

आमच्या नायिकेने अपेक्षेप्रमाणे पहिल्यांदा कमरपट्टा तोंडात घातला. फोटो काढेपर्यंत मुकुटाची एक बाजू चाटून साफ. नणंद म्हणाली, "वहिनी, बरं झालं विकतचं नाही आणलं."

समोरच्या वाड्यातल्या काकूंनी हे सगळं बघितलं. त्यांच्या सुनेचं हळदीकुंकू आहे, रथसप्तमीच्या आधी. नथ, बिंदी, पाटल्या, पूर्ण संच पाहिजे म्हणाल्या. हलवा तुम्ही विकतचा आणा, बांधून मी देते, असं मी सांगितलंय. परातीपाशी आता पुढच्या वर्षीच. नथीच्या बारीक गाठी अव्वा मारणार आहेत, त्यासाठी त्यांनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला.