लंबक, दहा अंश आणि वीस अंश

अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये लंबकाचा प्रयोग सुरू होण्याआधीच उत्तर ठरलेलं असतं: g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, ९.८. रीडिंग त्याच्या जवळ आली की जर्नलमध्ये जातात, नाही आली की खोडरबर निघतो. सीईटीच्या घाईत हे चालून जातं, पण पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढायचा, हे यात मुलांना कुठेच करावं लागत नाही. त्यासाठी उपकरण तेच ठेवून प्रश्न बदलावा, असं मला ठामपणे वाटतं. ‘g काढा’ ऐवजी विचारा: लंबक १० अंशांतून सोडला आणि २० अंशांतून सोडला, तर आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाचा (जाऊन-येऊन एका झोक्याचा) वेळ, सारखाच राहतो का?

पुस्तक म्हणतं, आवर्तकाल आयामावर, म्हणजे झोका किती मोठा आहे यावर, अवलंबून नसतो. वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण तेच सांगेल. प्रत्येकाकडून अंदाज आधी लिहून घ्या, कारणासकट. चूक की बरोबर, काहीही बोलू नका.

मांडणी साधी आहे, पण दोन ठिकाणी काळजी हवी. दोरा दांडीला नुसता गाठ मारून बांधला, तर झोक्याबरोबर गाठ दांडीवर सरकते आणि लांबी बदलत राहते. मधोमध चिरलेल्या बुचात दोरा धरून बूच क्लॅम्पमध्ये आवळा. दुसरं म्हणजे स्टँड. वीस अंशांना हलका स्टँड स्वतःच डुलायला लागतो, म्हणून तो टेबलाच्या कडेला जी-क्लॅम्पने पक्का करा. प्रयोगशाळेतला गोळा नसेल तर पुण्याच्या बोहरी आळीतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा मोठा नट चालतो. लांबी साधारण १ मीटर ठेवा. ती अगदी अचूक माहीत नसली तरी बिघडत नाही, कारण आपण तुलना करतोय. दोन्ही वेळा ती तीच राहिली पाहिजे, एवढंच. कोनमापक धरून कसरत करायचीही गरज नाही. एक मीटर दोऱ्याला गोळा मध्यरेषेपासून आडव्या दिशेत १७.४ सेंमी दूर म्हणजे १० अंश, ३४.२ सेंमी दूर म्हणजे २० अंश.

पहिल्या फेरीत एकाच आंदोलनाचा वेळ दहा वेळा मोजू द्या. आकडे २ सेकंदांच्या अवतीभवती येतील, पण एकमेकांपासून सहज ०.१ ते ०.२ सेकंद लांब. मोबाइलचं स्टॉपवॉच शंभरावा भाग दाखवतं, म्हणून तो खरा, ही समजूत इथे आपोआप ढासळते. दोन कोनांमधला खरा फरक एका आंदोलनात सुमारे ०.०१२ सेकंदच असतो. हाताच्या चुकीत तो बुडून जातो. मुलं लिहितात, ‘फरक नाही’. प्रयोगाचा सगळ्यात मोलाचा क्षण हाच. पुस्तक आणि रीडिंग एकच सांगतायत, तरी निष्कर्ष चुकीचा आहे! ‘फरक नाही’ आणि ‘या मोजमापात फरक दिसला नाही’ यांत काय अंतर आहे, हे विचारा आणि गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या.

दुसऱ्या फेरीसाठी ‘मोजमाप कसं सुधाराल?’ एवढंच विचारा. कोणीतरी २० आंदोलनं एकत्र मोजायचं सुचवतंच. आता वेळ येईल ४० सेकंदांच्या थोडा वर आणि फरक होईल ०.२३ सेकंद, हाताची चूक मात्र तेवढीच राहील, कारण बटण दोनदाच दाबलं जातं. प्रत्येक कोनाची पाच रीडिंग घेऊन सरासरी काढली, की फरक पुसटसा दिसायला लागतो. पन्नास आंदोलनांना तो अर्ध्या सेकंदाच्या पुढे जायला हवा. प्रत्यक्षात थोडा कमी भरतो, कारण हवेमुळे आयाम घटत जातो. मग जास्त आंदोलनं मोजावीत की कमी आंदोलनं पुन्हा पुन्हा? हा वाद गटातच होऊ द्या, तोडगा आपण देऊ नये.

निर्णयासाठी कसोटी हवी. दोन सरासरींमधला फरक घ्या आणि त्याला दोन्ही सरासरींच्या अनिश्चिततांच्या (सरासरी साधारण किती इकडेतिकडे असू शकते, त्या आकड्यांच्या) वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागा. उत्तर १ च्या आत असेल तर सध्याच्या मोजमापातून काही सांगता येत नाही. १ ते ३ असेल तर मोजमाप सुधारा. ३ च्या पुढे असेल तर फरक खरा मानायला जागा आहे. नववीच्या मुलांना दोन्ही संचांचे पल्ले एकमेकांवर चढतात का, एवढं बघायला लावलं तरी पुरे. मोजा, तुलना करा, सुधारा आणि पुन्हा मोजा, ही पद्धत होम्स, वीमन आणि बॉन या भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांनी विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत वापरून २०१५ मध्ये मांडली. तिथेही लंबकच होता.

मोजणीत हमखास होणारी चूक म्हणजे गोळा सोडताना ‘एक’ म्हणणं. मग वीसऐवजी एकोणीसच आंदोलनं मोजली जातात आणि g साधारण १०.८ येतो. पुण्यात तो ९.७८ च्या आसपास आहे. असा आकडा आला की रीडिंग फेकू देऊ नका, तो कुठून आला हे शोधायला लावा. मोजणी ‘शून्य’ने सुरू करा, पहिली दोन आंदोलनं जाऊ द्या आणि बटण गोळा टोकाला असताना नाही, तर मध्यरेषा ओलांडताना दाबा. टोकाला तो रेंगाळतो, मध्ये सर्वांत वेगात असतो, त्यामुळे क्षण नेमका पकडता येतो. भिंतीवर खडूची उभी रेघ हवीच.

आवर्तकालाच्या सूत्राची सिद्धता यानंतर घ्या. तिच्यात sinθ ऐवजी θ (रेडियनमधला कोन) धरणं १० अंशांना अर्ध्या टक्क्याने चुकतं, २० अंशांना दोन टक्क्यांनी. फळ्यावरची ती एक ओळ एरवी कोणी वाचत नाही, पण हातात स्वतःचा अर्धा सेकंद असला की मुलं तिथेच थांबतात. ३० अंशांना (५० सेंमी) आवर्तकाल अगदी लहान कोनाच्या तुलनेत १.७ टक्क्यांनी वाढतो. ते भाकीत आधी करायला लावा आणि मग मोजू द्या.

गुण देताना १० पैकी ४ मोजमाप सुधारण्याच्या निर्णयाला ठेवा, ४ निष्कर्षाच्या समर्थनाला आणि २ मांडणीला. पहिल्या अंदाजाला शून्य गुण, नाहीतर मुलं तो मागाहून बदलतात.