बसतंय, हीच अडचण

जो सुटा भाग बसत नाही, तो निदान तोंडावर सांगतो. १९७० च्या डॉज डार्ट गाडीतलं ३१८ घनइंची इंजिन उतरवून तिथे ३६० घनइंची चढवायला गेलं की पहिला नकार माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार, देतो. दोन्ही ब्लॉक क्रायस्लरच्या एलए या इंजिन-घराण्यातले, बाहेरून सख्खे भाऊ. पण माउंट धरणारे कान जुळत नाहीत. ३६० चे ब्रॅकेट आणले की विषय संपला. असल्या अडचणी मला आवडतात.

घात करतो तो जुना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला देणारा डबा. तो नव्या इंजिनावर चारही बोल्ट निमूट घेतो. ३१८ चा क्रँक (दट्ट्यांच्या जोरावर फिरणारा दांडा) आतल्या आत तोललेला असतो. ३६० चा स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची धाव, ३.३१ ऐवजी ३.५८ इंच, आणि त्याच्या तोलाचा काही भाग बाहेर टाकलेला: पुढे डॅम्परवर (क्रँकच्या टोकावरच्या, रबराने कडी जोडलेल्या चाकावर), मागे कन्व्हर्टरवर. जुना कन्व्हर्टर तसाच ठेवला तर आरपीएमबरोबर थरथर वाढत जाते आणि दोष बिचाऱ्या माउंटच्या रबराला लागतो. उपाय दोन: ३६० साठी वजन लावलेला कन्व्हर्टर, किंवा साध्या कन्व्हर्टरसोबत ३६० च्या तोलाची फ्लेक्सप्लेट, म्हणजे क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी पातळ तबकडी. दोन्ही एकदम लावले की पुन्हा थरथर, या खेपेला उलट्या बाजूने. १९९३ पासूनच्या मॅग्नम ३६० या पुढच्या आवृत्तीचे डॅम्पर-फ्लेक्सप्लेटही इथे चालत नाहीत. त्यांचं वजन वेगळं. आणि चौथा बोल्ट जुळेना म्हणून कानस हातात घेऊ नये. एक भोक मुद्दामच सरकवलेलं असतं. कन्व्हर्टर फिरवत राहिलं की जुळतं.

गिअरबॉक्स चढवताना कन्व्हर्टर टप्प्याटप्प्याने आत जातो. शेवटचा टप्पा गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या खाचांचा, आणि घाईत तोच राहतो. बेलहाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं घंटेसारखं तोंड, हाताने ब्लॉकला टेकलं पाहिजे. बोल्ट आवळून ओढून आणलं, तर पुढचा पंप मोडलाच समजा. टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरावा आणि प्लेटपर्यंत किंचित पुढे ओढावा लागावा.

मग कोणीतरी हौसेने चार बॅरलचा कार्ब्युरेटर बसवतो. किकडाउनचा (पाय दाबला की खालचा गिअर घ्यायला लावणारा) दांडा त्याला पोचत नाही, म्हणून तो तारेने बांधून ठेवतात. 'किकडाउन नसलं तर काय बिघडतं?' बिघडतं. टॉर्कफ्लाइट या क्रायस्लरच्या गिअरबॉक्समध्ये थ्रॉटलनुसार तेलाचा दाब वाढवणारा दांडा हाच. तो सुटा असेल तर चढावर क्लच घसरतात आणि थोड्याच दिवसांत जळतात. थ्रॉटल पूर्ण उघडलं की दांडाही शेवटपर्यंत गेला पाहिजे. दांडा नव्या कार्ब्युरेटरला जोडणाऱ्या अडॅप्टरचे पैसे इथे वाचवू नयेत.

टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, बघताना व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं आणि ठिणगीचा आगाऊपणा पूर्ण येईपर्यंत इंजिनाचा वेग चढवायचा. ३४ अंशांच्या आसपास एलए खूश असतं. पण टायमिंगचा दिवा लावण्याआधी पहिला दट्ट्या खरोखर वर आणून डॅम्परची खूण तपासावी. जुन्या डॅम्परचं रबर सुटलं की बाहेरची कडी सरकते, आणि दिव्यात ३४ दिसताना इंजिन ४० वर ठोकत असतं.