पेट्रोल की डिझेल?
मंडपाच्या धंद्यात जनरेटरची ट्रॉली ओढायला जुनी गाडी हवीय, म्हणून आज दादासोबत नाशकात द्वारका ते अंबड पालथं घातलं. पेट्रोलवाली चकाचक आणि स्वस्तही, पण ट्रॉलीसकट कसारा घाट चढायचा तर इंजिन पिळून काढावं लागणार. डिझेलला दीड-दोन हजार आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ओढ मिळते, खरी गंमत तिथे. मात्र २०२० नंतरची बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमांची) डिझेल नुसती कॉलेज रोडवर फिरवली तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीने चोंदतो, त्याला लांबची धाव लागते. एका डिझेलचं चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं, तर भकाभक धूर, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं! एजंटचं तोंड बघण्यासारखं झालं. ती बाद. एक त्याआधीच्या नियमांची बीएस-४ डिझेल बोलेरो मनात भरलीय. नाशकातच बनते म्हणून आई आधीच खूश. टर्बो, इंजेक्टर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय टोकन देणार नाही.