इंगलवुडची बारी

"दादा मिळाली, दोन मिळाली, अगदी वरच्या रांगेतली आहेत पण मिळाली!" मामेबहीण फोनवर ओरडत होती आणि मी सॅन होजेला ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभा राहून ऐकत होतो. रॅपर केंड्रिक लमारच्या लॉस एंजेलिसच्या शोची तिकिटं बघता बघता संपली होती, तिच्या ग्रुपमधे कुणाला मिळाली नव्हती आणि हिला मिळाली. १९ जून २०२४, बुधवार, जूनटीन्थची सुट्टी. मी तिथेच उभ्या उभ्या विमानाचं तिकीट काढलं.

ज्यांना मागची भानगड माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. त्या वर्षी एप्रिल-मे मधे कॉम्प्टनचा केंड्रिक आणि टोरंटोचा ड्रेक यांची गाण्यातून जुंपली होती, एकाने गाणं टाकायचं की दुसऱ्याने त्याला उत्तर टाकायचं, आणि एका रात्री तर ड्रेकचं गाणं आल्यावर तासाभराच्या आत केंड्रिकचं उत्तर आलं. मग ४ मे ला केंड्रिकने 'नॉट लाइक अस' आणलं आणि विषय संपला. त्याचा बीट डीजे मस्टर्डचा, म्हणजे लॉस एंजेलिसच्याच माणसाचा, आणि ते गाणं थेट बिलबोर्डच्या यादीत एक नंबरला गेलं. लोकांना वाटतं हे सगळं नवीन, अमेरिकेतलं. पण मी गुहागर तालुक्यातला आहे, मी लहानपणापासून शक्ती-तुरा बघत आलोय, म्हणजे दोन शाहिरांचा गाण्यातला सामना, त्यालाच आम्ही बारी म्हणतो. पूजेच्या रात्री मांडवात समोरासमोर दोन पार्ट्या, एक शक्तीवाले एक तुरेवाले, आधी गण, मग गवळण, आणि मग मध्यरात्रीनंतर सवाल-जवाब सुरू झाले की पेंगणारी म्हातारी माणसंसुद्धा सावरून बसतात कारण समोरच्या शाहिराने टाकलेल्या सवालाला त्याच रात्री, त्याच मांडवात उत्तर द्यावं लागतं, उद्या देतो म्हणून चालत नाही. टोमणे असे की समोरच्याच्या घराण्यापर्यंत जायचं. माझा मामा त्यात ढोलकी वाजवायचा. त्यामुळे मे महिन्यात हे सगळं चालू असताना मी आणि मामेबहीण रोज रात्री फोनवर एकच बोलायचो, अगं ही बारीच आहे, भेदिकच (कोड्यासारख्या सवाल-जवाबाची गाणी) आहे हे, फक्त मांडव मोठा आहे.

तर त्या बारीनंतरचा हा पहिला कार्यक्रम. नाव होतं 'द पॉप आउट', पुढे 'केन अँड फ्रेंड्स'. त्यातल्या फ्रेंड्सकडे मी तेव्हा फार लक्ष दिलं नव्हतं.

सकाळचं विमान घेतलं, मुद्दाम उजव्या बाजूची खिडकी. लॉस एंजेलिसला पूर्वेकडून उतरताना विमान इंगलवुडच्या छपरांवरून इतकं खाली येतं की अंगणातल्या गाड्यांचे रंग दिसतात, आणि मग सोफाय स्टेडियमचं ते प्रचंड पांढरं छप्पर आणि त्याच्या पलीकडे गोल, लालसर, खांबाखांबांचा फोरम, कार्यक्रम तिथेच होता. १९६७ साली बांधलेला. बास्केटबॉलचा लेकर्स संघ १९९९ पर्यंत तिथेच खेळायचा, मॅजिक जॉन्सनचा सगळा जमाना तिथलाच. आता बाहेरून लाल रंग दिलाय आणि किया फोरम नाव आहे पण तिथली माणसं नुसतं फोरम म्हणतात.

बहीण युनिव्हर्सिटीजवळ राहते. तिच्या रूमवर पिठलं-भात खाल्ला (तिने केलं होतं, मस्त झालं होतं) आणि दीडच्या सुमारास निघालो. गाडी घ्यायचीच नाही असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं, मेट्रोने जायचं. इ लाइनने एक्स्पो-क्रेन्शॉ, तिथे बदलून के लाइन. ही के लाइन २०२२ ला सुरू झाली आणि माझं म्हणणं असं आहे की ज्याला या गाण्यांचा मुलूख बघायचाय त्याने टूर बीर काही घेऊ नये, या गाडीत बसावं. लीमर्ट पार्कला अर्धा डबा उतरला, तिथे दरवर्षी जूनटीन्थचा मोठा मेळा भरतो, आयाबाया पोरांना घेऊन, हातात घडीच्या खुर्च्या, डोक्याला रंगीत फडकी. १९ जून १८६५ ला टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला गुलामगिरी संपल्याचा हुकूम वाचून दाखवला गेला, तो हा दिवस, आणि देशाची अधिकृत सुट्टी व्हायला २०२१ उजाडलं. पुढे हाइड पार्क स्टेशन. तिथे गाडी रस्त्याच्या मधोमध जमिनीवरून जाते, आणि तो चौक म्हणजे क्रेन्शॉ आणि स्लॉसन. रॅपर निप्सी हसलचं दुकान तिथे होतं, तो त्याच भागात वाढला, तिथेच धंदा उभा केला, आणि ३१ मार्च २०१९ ला त्याच दुकानाच्या दारात त्याला गोळ्या घातल्या. गाडी तिथे थांबली तेव्हा आमच्या डब्यातला गोंगाट कमी झाला, अगदी बंद नाही, पण कमी झाला, आणि समोरच्या बाकावरच्या एका माणसाने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गाडी सुटल्यावर परत घातली. बहिणीने माझ्याकडे बघितलं. आम्ही काही बोललो नाही.

डाउनटाउन इंगलवुडला उतरून पुढे चालत, वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. रस्त्याच्या कडेला तव्यावर कांदा आणि मिरच्या परतत बसलेल्या मेक्सिकन बायका, बेकन गुंडाळलेले हॉटडॉग, तो वास मला अजून येतो. टी-शर्टवाले, झेंडेवाले. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान. आणि चालताना माझ्या लक्षात आलं की आजूबाजूला अख्खी घरंच्या घरं चालली आहेत, बाप-लेक, आजी-नातू, चार मावश्या एकसारखे निळे डॉजर्सचे टीशर्ट घालून, म्हणजे आपल्याकडे जत्रेला वाडीच्या वाडी निघते तसं.

चारला बरोबर सुरू झालं. पहिला भाग डीजे हेडचा. मी मनातून धरून चाललो होतो की सुरुवातीला तास दीड तास वेळ काढायचा, मोठी माणसं नंतर येणार. पण एकामागून एक पोरं येत होती, एकेक गाणं, कुणाला दोन, आणि खाली उतरायची. सॅन पेद्रोचा रेंबल, लाँग बीचचा रे वॉन, वेस्टसाइड बूगी, आणि कितीतरी. यातल्या बऱ्याच जणांना बाहेरच्या राज्यात कोणी ओळखत नसेल, मी स्वतः निम्म्यांना पहिल्यांदा ऐकत होतो. पण आमच्या आजूबाजूचे लोक प्रत्येकाचं गाणं शब्दन् शब्द म्हणत होते. समोर सतरा हजार माणसं आणि जगभर अॅमेझॉन प्राइमवर लाइव्ह चालू, त्यात त्या पोराला तीन मिनिटं मिळतायत. जगातल्या सगळ्यात गाजणाऱ्या रॅपरने त्याची सगळ्यात मोठी रात्र अशी वाटून टाकली होती. मला त्या क्षणी फ्रेंड्स शब्दाचा अर्थ लागला.

मग मस्टर्ड. आता यादी मोठी आहे, सगळी देत नाही. लीमर्ट पार्कचा डॉम केनेडी आला (आणि मला दुपारचं स्टेशन आठवलं), टाय डॉला साइन, कॉम्प्टनचे रॉडी रिच, स्टीव्ह लेसी आणि वायजी, आणि इथून हाकेच्या अंतरावरच्या हॉथॉर्नचा टायलर द क्रिएटर, तो आला तेव्हा बहीण बाकावर चढली. मधे मस्टर्डने निप्सीची आठवण काढली. वरच्या रांगेतून बघताना फोनचे दिवे एकेक करत लागत गेलेले दिसतात, खालून सुरू होऊन आपल्यापर्यंत येतात. आमच्या शेजारी एक पन्नाशीचा माणूस होता, बरोबर कॉलेजातली मुलगी, त्याने दिवा लावला नाही, नुसता हात वर धरून उभा राहिला.

केंड्रिक आला तो लाल हुडी घालून, आणि आल्या आल्या पहिलंच गाणं ड्रेकवरच्या गाण्यांतलं काढलं. मला त्याच्याबद्दल जे वाटतं ते सांगायला मराठीत एकच शब्द आहे, ठसका. मोठ्या हॉलमधे रॅप ऐकताना नेहमीचा त्रास असतो, बेस इतका घुमतो की शब्द कळत नाहीत. याचे कळतात. श्वास कुठे घ्यायचा हे त्याने आधी ठरवून ठेवलेलं असतं, ओळीच्या मधे घेत नाही, आणि प्रत्येक शब्दाचा शेवटचा तुकडा दातांनी तोडल्यासारखा स्पष्ट येतो. आमच्याकडचे जुने शाहीर माईक नसताना मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचे ते याच जोरावर, आवाज चढवून नाही, उच्चाराने. या माणसाला २०१८ मधे संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं ते का ते वरच्या रांगेत बसून जास्त कळतं.

मग त्याचे जुने साथीदार, वॉट्सचा जे रॉक, ॲब-सोल, स्कूलबॉय क्यू. चौघं एका स्टेजवर. आणि मग डॉ. ड्रे, इथल्या रॅपचा जुना उस्ताद. तो दिसल्यावर जे झालं ते मी पूर्वी फक्त क्रिकेटच्या मैदानावर ऐकलं होतं.

आणि ड्रेनेच ती 'नॉट लाइक अस'च्या सुरुवातीची कुजबुज माईकवर केली.

पहिल्यांदा वाजलं. पायाखालचं काँक्रीट हलायला लागलं, मी उगाच म्हणत नाहीये, बाकाखाली ठेवलेल्या माझ्या ग्लासातल्या पाण्यावर गोल गोल कडी उठत होती. गाणं संपलं. परत सुरू केलं. परत. पाच वेळा वाजवलं! दर वेळी स्टेजवर माणसं वाढत गेली, आधी सगळे गायक, मग टॉमी द क्लाउन आणि त्याची नाचणारी पोरं, मग बास्केटबॉलवाले, रसेल वेस्टब्रुक तर असा नाचत होता की आमच्या वाडीत पालखी नाचवताना जे अंगात येतं तेच. कॉम्प्टनचा डेमार डेरोझन पण होता. तिसऱ्या की चौथ्या वेळेनंतर ते गाणं ड्रेकवरचं राहिलंच नव्हतं, त्या माणसाची कुणाला आठवणही नव्हती.

मग केंड्रिकने सगळ्यांना फोटोसाठी एकत्र बोलावलं. इथे सांगायला हवं की लॉस एंजेलिसमधे कुठल्या गल्लीतला कोण याच्यावर माणसं मेली आहेत, क्रिप्स आणि ब्लड्स या दोन टोळ्या, क्रिप्स निळे, ब्लड्स लाल, पन्नासेक वर्षांचं वैर, १९९२ ला वॉट्समधे समेट झाला होता तरी ते संपलं नाही. आणि आता त्या एका स्टेजवर दोन्हीकडची माणसं, वेगवेगळ्या वस्त्यांची, दाटीवाटीने उभी. केंड्रिक बोलला की निप्सी गेल्यापासून, कोबी (लेकर्सचा कोबी ब्रायंट) गेल्यापासून हे शहर तुटलेलं आहे, आणि आता हे गाण्याबद्दल नाही, या क्षणाबद्दल आहे. तो फोटो काही पटकन होईना, इतकी माणसं, कोणी मागे राहतंय, कोणी खाली वाकतंय, केंड्रिक स्वतः सगळ्यांना सरकवत होता, लग्नात घरातला मोठा मुलगा सगळ्यांना फोटोत बसवतो ना, तू इकडे ये, तू खाली बस, तसं. आणि तो वेळ जात होता तरी कोणी कंटाळलं नाही.

शेजारचा माणूस रडत होता. मुलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. थोड्या वेळाने आपणहून माझ्याकडे वळून म्हणाला की त्याच्या तरुणपणी त्या दोन वस्त्यांमधला एक रस्ता होता, तो ओलांडायची हिंमत नव्हती, शाळा पलीकडे होती म्हणून आई रोज लांबून फिरवून न्यायची. आणि बोट करून दाखवलं, तो बघ तो अलीकडचा, आणि तो त्याच्या बाजूचा पलीकडचा. मला इतक्या वरून चेहरे दिसत नव्हते. मी मान हलवली.

आमच्याकडे बारी संपली की पहाटे दोन्ही शाहीर एकाच पंगतीला पोहे-चहा घ्यायचे, रात्रभर एकमेकांचं घराणं काढलेलं असायचं आणि सकाळी एकाच टेम्पोतून घरी. इथला समोरचा शाहीर तर मांडवातच नव्हता. तरी पंगत बसली होती, आणि ती जास्त अवघड पंगत होती असं मला वाटतं.

बाहेर आलो तेव्हा अजून उजेड होता, जून महिना. सगळ्या सिग्नलला गाड्या काचा खाली करून तेच गाणं, एका गाडीचं संपत नाही तोवर पुढच्या गाडीचं सुरू, ठेका एकमेकांत मिसळून जात होता. तिकडे गावाला सकाळ झालेली, तर बहिणीने चालता चालता मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामा ओटीवर बसला होता, मागे कोंबडा.

"काय गो, झाला कार्यक्रम? कोण जिंकला?"

"बाबा, तो दुसरा आलाच नव्हता."

"आला नव्हता? मग बारी कशी झाली?"

तिला काय सांगावं कळेना. तिने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं सांग ना. ती म्हणाली, "बाबा, सगळी वाडी स्टेजवर चढली होती."

मामा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि ढोलकी कोणाची?"

"मस्टर्ड म्हणून आहे एक."

"ऐकव."

सिग्नलला एक जुनी हिरवी शेवरोले उभी होती, आत चौघं, चौघांचे हात बाहेर. बहिणीने फोन त्या गाडीकडे धरला आणि दिवा हिरवा होईपर्यंत तशीच उभी राहिली.