103.4 आणि वजा उजनी

उजनी धरणातलं पाणी शून्याच्या खाली जातं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला समजावता समजावता सोलापूरकराची दमछाक होते. रेडिओवर 'उजनी वजा वीस टक्के' असं कानावर आलं की पाहुणा हसतो आणि घरातलं कोणीतरी उठून बॅरलचं झाकण उघडून बघतं. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृत साठ्यात धरलेलं आणि टक्केवारी त्याच्यावर सुरू होते. म्हणजे धरणात पाणी दिसतंय, हिशेब मात्र उधारीचा. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावाला हे गणित शाळेत शिकावं लागत नाही. दिल्लीच्या बातम्यांना त्याचं काय! असलं ऐकायला गावचंच केंद्र लागतं. आमचं, म्हणजे सोलापूर आकाशवाणी, एफएमवर 103.4 ला लागतं.

खरी श्रोतेमंडळी आहेत शहराच्या पूर्व भागात, विड्या वळणाऱ्या बाया. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात तेंदूची पानं, बाजूला तंबाखू आणि दोरा. हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले, मोकळे फक्त कान. ओळखीतल्या एक अक्का सांगतात, "टीव्ही लावून बसलं तर हजाराच्या आठशे होतात बघ." पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, यात मान वर करायला फुरसत नाही. नाट्यगीत लागो की खतांची माहिती, अक्का सगळं ऐकतात. त्यांच्याकडे शेत नाही, तरी हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल माझ्यापेक्षा चार गोष्टी जास्त सांगतील. शेजारच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र रेडिओचा निभाव लागत नाही. तिथे माणूस माणसाशी खुणांनी बोलतो.

पूर्वी हाच कान रात्री सीमा ओलांडून जायचा. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीलगत जेवढ्या जातील तेवढ्याच. अंधार पडला की वरच्या वातावरणावर आपटून शेकडो किलोमीटरवर उतरतात. त्यामुळे जेवणं आटोपली की एका घरात हैदराबादची तेलुगू, दुसऱ्यात धारवाडची कन्नड आणि मधल्या घरात पुण्याचं मराठी नाटक, असा गल्लीचा सरमिसळ आवाज असायचा. काटा केसभर हलला की भाषा बदलायची. एफएमचं तसं नाही. ते नाकासमोर चालतं, क्षितिजापलीकडे जात नाही. आवाज स्वच्छ, पण शहर सोडून बरंच पुढे गेलं की खरखर. स्वच्छतेबद्दल तक्रार नाही, पण ती रात्रीची आगंतुक तेलुगू मला अजून आठवते. एक अक्षर कळायचं नाही आणि बंदही करवायचं नाही.

खासगी एफएमवाले उत्साही असतात, सकाळी सात वाजता एवढं हसू येतं कुठून देव जाणे. पण निवेदक मध्येच 'काय करलालाय बे' म्हणाला की सगळं माफ.

लोकल केबलची गोष्ट निराळी. तिथे मुख्य कार्यक्रम कोणता असतो हे मला आजवर नीट सांगता येणार नाही, कारण माझी नजर खालच्या पट्टीवर. चादरींचा सेल, दहावीचे क्लासेस, हरवलेलं पाकीट, अमुक पेठेत पाणी उद्या कमी दाबाने, आणि 'भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. कधी भाऊंच्या शुभेच्छा सरकून संपत नाहीत तोच मागून कोणाची तरी श्रद्धांजली येते. पट्टीला सुतक नाही. मला विचाराल तर शहराचा सगळ्यात प्रामाणिक पेपर तोच.

आणि जानेवारीत हीच केबल घराघरात देवघर होते. ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे देवाचं प्रतीकात्मक लग्न. आवारात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून गुडघे दुखणाऱ्या सगळ्या आज्या टीव्हीसमोर. मूठ गच्च आवळलेली, डोक्यावर पदर. संमती वाचून 'सत्यम सत्यम, दिड्यम दिड्यम' झालं की अक्षता पडतात. आता थेट प्रक्षेपण म्हणायला थेट. चित्र आकुंचित होऊन, फिरून, पुन्हा उलगडून घरी यायला काही सेकंद खातंच. देवळाच्या तळ्याजवळ राहणाऱ्यांची यात पंचाईत. आधी खिडकीतून कर्ण्याचा आवाज येतो, आज्जी अक्षता उधळून मोकळी होते. मग टीव्हीवर तेच शब्द येतात. आज्जी सुनेकडे बघते, सून डबा पुढे करते, आणि दुसरी मूठ टीव्हीवर. रिमोटच्या फटीत अडकलेले तांदूळ पुढे महाशिवरात्रीपर्यंत टाचणीने काढत बसावं लागतं.