गॅस बारीक कर

पहिल्या बुधवारी मुलीने ताटात बघून विचारलं, "बाबा, यात पनीर घातलंयस?"

पनीर घातलं नव्हतं. ती क्रीम होती, फाटलेली.

झालं असं की 1 जूनला मासेमारी बंद झाली. आता 31 जुलैपर्यंत ट्रॉलर धक्क्याला. फोंड्याच्या बाजारात मिळतं ते बर्फातलं नाहीतर खाडीतलं, आणि भाव ऐकला की पाय आपोआप चिकनच्या दुकानाकडे वळतात. पुढे श्रावण आहेच, तेव्हा तेही बंद. चिकन म्हटलं की आमच्या घरी शागुती. ती आईने करावी आणि रविवारी करावी. खोबरं, खसखस, मसाले भाजत बसायला दीड तास लागतो. बायको मडगावला नोकरीला. तिची बस साडेसातला येते, म्हणून आठवड्यातल्या संध्याकाळी स्वयंपाकघर माझ्याकडे. त्यात मुलीने कुठल्याशा वाढदिवसाला पांढऱ्या सॉसमधलं चिकन खाल्लं आणि तेव्हापासून घोषा लावला. व्हिडिओत ते वीस मिनिटांत होत होतं. म्हटलं, करून टाकू.

पहिल्या वेळी मी जे केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. चिकन धुतलं, तसंच निथळतं ओलं नॉनस्टिक पॅनमध्ये टाकलं, सगळे तुकडे एकदम. पॅनमध्ये पाणीच पाणी झालं. चिकन भाजलं नाही, उकडलं, रंग पांढराफटक. मग फ्रीजमधली थंडगार क्रीम ओतली, लिंबू पिळलं आणि गॅस मोठा ठेवून ढवळत बसलो. आई दारात उभी होती. "गॅस बारीक कर रे पुता," असं दोनदा म्हणाली. मी म्हटलं, "आई, हे तुझं नव्हे, वेगळं आहे." पुढच्या मिनिटाला पॅनमध्ये कण दिसायला लागले.

दूध आणि कोंबडी एकत्र, हेच मुळात आईला मान्य नाही. ती विरुद्ध आहार म्हणते आणि त्याला हात लावत नाही. त्यामुळे फाटलेली क्रीम बघून तिला फारसं वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही.

नंतर मी जरा वाचलं, चार जणांना विचारलं. गोष्ट सोपी निघाली. या सॉसची चव क्रीममध्ये नसतेच. ती असते चिकन भाजताना पॅनच्या तळाला जो तपकिरी थर धरतो त्यात. नॉनस्टिकला काही चिकटत नाही, म्हणून थरही धरत नाही. आणि चिकन ओलं असेल तर गॅसची सगळी आच पाणी उडवण्यातच जाते. पाणी आहे तोवर पॅन 100 अंशांच्या वर चढत नाही, आणि तपकिरी रंग यायला 140 च्या वर जावं लागतं. मी पहिल्या दिवशी जे केलं त्याला चिकनचं सार म्हणता येईल.

पुढच्या बुधवारी आधी बिडाच्या तव्याला हात घातला. आईने तो हिसकावूनच घेतला. "आंबट घालणार ना तू यात? मग घावणे चिकटतील, महिनाभर तेल पाजत बसावं लागेल." बरोबर होतं तिचं. शेवटी जाड बुडाचं स्टीलचं पसरट पातेलं काढलं, ज्यात एरवी रस्सा गरम होतो.

चिकन छातीचं, बिनहाडांचं, अर्धा किलो. मधोमध आडवं चिरून पातळ केलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने ठोकलं, म्हणजे सगळीकडे सारखी जाडी. नाहीतर शेपटाकडचं टोक सुकून काथ्या होतो आणि मधला भाग कच्चाच राहतो. हळद-मीठ चोळून धुतल्याशिवाय चिकन आमच्या घरात शिजत नाही. डॉक्टर लोक सांगतात की धुण्याने जंतू बेसिनभर उडतात, मरतात ते शिजवल्यानेच. आईशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नाही. मी तडजोड केली: धुतलं, आणि मग स्वच्छ फडक्यात दाबून दाबून कोरडं केलं. मीठ, मिरपूड लावून अर्धा तास ठेवलं, पुन्हा एकदा पुसलं.

पातेलं तापलंय की नाही हे बघायला पाण्याचा थेंब टाकला. नुसता चुरचुरून उडून गेला तर अजून तापलेलं नाही. थेंबाचा मोत्यासारखा गोळा होऊन तो पातेल्यात पळायला लागला की तापलं. मग गॅस थोडा कमी करून तेल, आणि तेलावर चिकन. तीनच तुकडे, उरलेले दुसऱ्या घाण्यात.

इथे माझा धीर सुटायची वेळ आली. दुसऱ्याच मिनिटाला उलथनं घातलं तर तुकडा हलेना. स्टीलला घट्ट धरून बसलेला. ओढला असता तर अर्धा वर आला असता, अर्धा खाली राहिला असता. हात मागे घेतला, घड्याळाकडे बघत उभा राहिलो. चौथ्या मिनिटाला नुसता धक्का दिला तर सुटून आला, खालून काजूच्या सालीसारखा तांबूस. रंग धरला की चिकन स्वतःच पातेलं सोडतं. दुसरी बाजू तीन मिनिटं. थर्मामीटर असेल त्याने मध्ये 74 अंश बघावं, माझ्याकडे नाही. मी सगळ्यात जाड तुकडा चिरून पाहिला: आत गुलाबी नाही, सुटतं ते पाणी नितळ. ताटलीत काढून झाकून ठेवलं.

पातेल्याच्या तळाला तपकिरी डाग राहिले होते, काही जागी काळपटही. एरवी मी ते बघून तारेची घासणी शोधली असती. जास्तीचं तेल काढलं, चमचाभर लोणी घातलं, बारीक चिरलेला छोटा कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, जाडसर कुटलेली मिरी. कांदा मऊ झाल्यावर एक चमचा माडाचं व्हिनेगर आणि अर्धी वाटी पाणी. लोक व्हाइट वाइन घालतात, ती इथे गोव्यात सहज मिळते. पण अर्ध्या वाटीसाठी बाटली फोडायची आणि उरलेली कोणी संपवायची, हा प्रश्न आमच्या घरात नको होता. पाणी पडल्याबरोबर चर्र झालं आणि लाकडी उलथन्याने घासत गेलो तसा तळ सुटत गेला. दोन मिनिटांत पाण्याला गुळाच्या काकवीचा रंग. वास असा की मुलगी अभ्यास सोडून आली. तो अभ्यास ती कशानेही सोडते, हे खरं.

हे पाणी आटून निम्म्यावर येऊ दिलं. आंबटाचा जोर क्रीम पडायच्या आधीच कमी व्हायला हवा. टेट्रापॅकच्या क्रीमवर फॅट 25 टक्के लिहिलेलं होतं. बाहेरच्या देशांत सॉससाठी वापरतात ती 35 टक्क्यांच्या वरची, ती उकळली तरी सहसा टिकते. आपली पातळ. आंबट आणि मोठी आच एकदम लागली की दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून गोळे करतात, पनीर करताना करतात तसंच. मुलगी काही चुकीचं बोलली नव्हती. म्हणून या वेळी क्रीम तासभर आधी फ्रीजबाहेर काढली होती आणि तिच्यात अर्धा चमचा कॉर्नफ्लोर मिसळलं होतं, त्याने क्रीम सहजी फाटत नाही.

आणि गॅस बारीक केला. आईने न सांगता. क्रीम घातली, हलवत राहिलो, कडेला एखादाच बुडबुडा. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली, तेव्हा बंद केलं. ताटलीत चिकनमधून सुटलेलं पाणी होतं, तेही आत ओतलं. वर कोथिंबीर, कारण घरात तीच होती.

आई म्हणाली, "नारळाचा पहिला रस घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, हे मी तुला किती वर्षं सांगतेय?" सांगत होती खरी. मी ते नारळाचं शास्त्र समजत होतो. तिच्यासाठी मग दुसऱ्या घाण्याचा सॉस क्रीम न घालता नारळाच्या जाड रसात केला, हिरवी मिरची टाकून. खरं सांगायचं तर तो जास्त चांगला झाला, पण मुलीसमोर हे बोललो नाही.

पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सहालाच हॉर्न वाजवत येऊन गेला होता, सहा पोळ्या घेतल्या होत्या. पोळी म्हणजे आपली चपाती नव्हे, पोदेराची ती कोंड्याची पोकळ पोई. आत सॉस भरायला तिच्यासारखं काही नाही. भाताशी हे चिकन जमत नाही, एकदा करून बघितलं.

जेवण झाल्यावर मुलीने पोईच्या तुकड्याने पातेलं पुसून पुसून खाल्लं. बायको भांडी बघायला मोरीशी गेली आणि ते स्टीलचं पातेलं उजेडात धरून उलटसुलट बघितलं.

"हे घासलंस कधी?"

"घासलं नाही अजून."